शेवटच्या खळबळण्याचं पाणी

मीटरताई अठरा वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचत होत्या. झाकण उचलायचं, काचेवरची माती अंगठ्यानं पुसायची, आकडा लिहायचा आणि निघताना घरच्यांना हसवून जायचं. लोक त्यांना आग्रहानं चहाला थांबवायचे.

एका वर्षी पाणी कमी पडलं आणि पाणीखात्यानं नियम काढले. अंगणात नळी लावायची नाही. झाडांना नळाचं पाणी आठवड्यातून दोनदाच, सकाळी आठच्या आत आणि तेही झारीनं. गाडी धुवायची तर एका बादलीत. नियम मोडणाऱ्याला नोटीस द्यायचं काम मीटरताईंच्या गळ्यात पडलं.

आठ दिवसांत लोकांची तोंडं फिरली. ताई दिसल्या की दारं लागायची, नळ्या पलंगाखाली जायच्या. एका आजोबांनी तर वाळलेला गुलाब कुंडीसकट त्यांच्या हातात ठेवला. "घ्या, तुमच्या नियमाचा बळी!"

ताई कुंडी घेऊन रडवेल्या चेहऱ्यानं घरी आल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो नियम पुरता वाचलास का गं?"

"त्यात वाचायचं काय? नाही म्हणजे नाही."

"अठरा वर्षं आकडेच वाचलेस. आता जरा अक्षरं वाच."

ताई फणकारल्या, पण कागद घेऊन बसल्या. तिसऱ्या पानावर, खात्याच्या साहेबांच्या सहीच्या अगदी वर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : एकदा वापरलेल्या पाण्याला ही बंधनं लागू नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या तडक कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेल्या. आख्ख्या गल्लीत तिथलाच मीटर सगळ्यात जोरात पळायचा. लाँड्रीवाली घाबरून बाहेर आली.

"मी काही केलं नाही हो ताई!"

"चादरी शेवटी ज्या पाण्यात खळबळतेस, ते पाणी कुठं जातं?"

"गटारात. आणखी कुठं जाणार?"

"साबण असतो त्यात?"

"नावाला! तिसरं पाणी ते."

त्याच दुपारी लाँड्रीच्या मागच्या दाराशी त्या पाण्यानं भरलेलं पिंप उभं राहिलं. पहिल्या दिवशी एकटे आजोबा आले, तेही कपाळाला आठ्या घालून. चौथ्या दिवशी रांग लागली. कुणी बादली आणली, कुणी पातेलं. एकीनं बाळाचा टब आणला, तर त्यात बसलेलं बाळ उठायलाच तयार नाही! त्याच्याभोवतीच थोडं पाणी ओतलं, तसं ते टाळ्या पिटायला लागलं आणि रांगेतला प्रत्येक जण भिजला.

महिन्याभरात गल्ली हिरवीगार झाली आणि कुणीतरी चुगली केली. साहेब स्वतः नोटिशींचं पुस्तक घेऊन रांगेपाशी आले.

"सगळं गाव वाळलंय आणि इथं बागा फुलल्यात? हे तुमच्या नाकाखाली चाललंय, ताई?"

"नाकाखाली नाही साहेब, मीच चालवलंय." ताईंनी तिसरं पान पुढं केलं.

साहेबांनी चष्मा वर-खाली करून ते दोनदा वाचलं. "हे कुणी घातलं यात?"

"खाली सही तुमचीच आहे."

साहेबांनी सहीवर बोट फिरवलं. मग त्यांनाच हसू फुटलं आणि त्यांच्यामागून सगळी रांग खो खो हसली.

पुढच्या महिन्यात गावातल्या आणखी सहा लाँड्र्यांमागे पिंपं बसवायचं ठरलं. ते काम ताईंकडेच आलं. त्यांनी लाँड्रीवालीला सोबत घेतलं आणि दोघी बाह्या सरसावून पहिलं पिंप गडगडत घेऊन निघाल्या.