गिरगाव ते हिंदमाता, मासे आणायला

सकाळी नऊ वाजता विहिरीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. कठड्याभोवती अठरा विद्यार्थी आणि त्यांचे सर उभे होते. सर म्हणाले, "आपण याच्याकडे अपयश म्हणून बघायचं नाही. हा डेटा आहे."

मी म्हटलं, "मेलेत ते."

हे विद्यार्थी 'पर्यावरण आणि शाश्वतता' या विषयाचा पदवीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स करतात. शाश्वतता म्हणजे गोष्टी टिकवून धरणं, असं मला अन्वीने समजावलं होतं. अन्वी त्यांच्यातलीच. आमच्या गिरगावच्या वाडीतली विहीर हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी ती वर्षभर आमच्याकडे येत होती आणि मी तिची 'कम्युनिटी पार्टनर' होते. त्याचं मला प्रमाणपत्रही मिळालं, बिया घातलेल्या कागदावरचं. कागद कुंडीत पुरला की तुळस उगवते म्हणाले. मी पुरला. मुंग्या लागल्या.

आदल्या दिवशी या मंडळींनी विहीर शुद्ध करायचं प्रात्यक्षिक केलं होतं. संत्र्याची सालं आणि गूळ तीन महिने कुजवून केलेलं पाणी, त्याला ते बायो-एन्झाइम म्हणतात. तीन पिंपं भरून आणलं. झाकण उघडल्यावर माझी शेजारीण फिलोमिना म्हणाली, "अगो सुमन, ही तर हातभट्टी! निदान एक ग्लास बाजूला तरी ठेवा!" सर हसले आणि तिन्ही पिंपं ओतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

आता मासे मेले तर बिघडलं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. ते साधे गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढे असतात आणि डासांची अंडी-अळ्या खातात. पालिकेचा मलेरियाचा माणूस महिन्यापूर्वी सांगून गेला होता, "विहिरीत मासे दिसले तर उघडी राहील. नाही दिसले तर वर स्लॅब पडेल." तो मासे मेले त्याच दिवशी दुपारी चार वाजता पाहणीला येणार होता. वाडीच्या मालकाला तिथे गाड्या लावायच्या आहेत. त्याच्या माणसाने दिवाळीपासून सिमेंटच्या आठ गोण्या फाटकापाशी ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या.

विहीर म्हणजे देव वगैरे मी मानत नाही. नळाला पाणी येतं सकाळी पाऊण तास. बाकीचं धुणं, भांडी, संडास विहिरीवर. ती बुजली तर बादल्या खालच्या गल्लीतून तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या. माझं वय सत्त्याहत्तर.

अन्वी रडायला लागली. मी म्हटलं, "रड नंतर. आधी मासे आणू."

"पण आजी, पाणी?"

ते फिलोमिनाने ठरवून टाकलं होतं. "झरा चालू आहे. घाण उपसा, नवीन पाणी येतंय. सर, तुम्ही काय बघता? रहाट धरा." वाडीचा पंप होळीपासून जळलेला होता. सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, त्या दोन वेळा नीट केल्या, आणि मग दोर धरला.

मी कडीचा डबा घेतला आणि अन्वीला घेऊन लालबागच्या बसमध्ये बसले. लोक प्रवासवर्णनं लिहायला हिमालयात जातात. माझ्याकडे चार वाजेपर्यंतचा वेळ होता.

अन्वीच्या पाठीवरच्या पिशवीत बांबूचा चमचा, पितळी नळी, स्टीलची बाटली आणि धान्य आणायच्या मलमलच्या चार पिशव्या होत्या. दोन वर्षांत मी प्लॅस्टिकला हात लावला नाही, असं ती म्हणाली. मी विचारलं, "आणि तुमची ती पिंपं कसली होती?" ती खिडकीबाहेर बघू लागली.

लालबागला माझी नणंद इंदू राहते. तिच्या चाळीच्या विहिरीतून मी लग्नानंतर सहा वर्षं पाणी काढलं, म्हणून पाय आधी तिकडेच वळले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे हे मला ठाऊक होतं. विहिरीचं काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं.

फाटकावर वॉचमनने वही पुढे केली. "काम काय?"

"मासे पकडायचेत."

त्याने 'पाहुणे' असं लिहिलं.

विहीर जागेवर होती. तिला आतून निळ्या फरशा बसवल्या होत्या, मधे कारंजं होतं आणि कडेला पाटी, 'जलवारसा'. पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. त्यात डासही नव्हता, मग मासा कुठून असणार? अन्वीने फोटो काढला. म्हणाली, "आम्हाला हे केस स्टडी म्हणून शिकवलंय. चांगलं उदाहरण म्हणून."

इंदू तेविसाव्या मजल्यावर असते. दार उघडताच म्हणाली, "काय गे वैनी, मधीच कशी इलंस (अचानक कशी आलीस)?"

"मासे हवेत."

"मग बाजारात जा मा! माझ्याकडे दोन बांगडे आसत तेवढेच."

सगळं सांगितल्यावर ती आधी पोटभर हसली आणि मग पानं वाढायला घेतली. जेवायला वेळ नव्हता, पण इंदूच्या घरातून न जेवता निघायला त्याहून जास्त वेळ लागतो. अन्वी बांगडा खाईना. ती मासे, मटण, अंडी, दूध, तूप काहीच खात नाही.

"मगे ह्या चेडू (मुलगी) जगता कसा?" इंदूने मला विचारलं. मुलगी समोर बसलेली असताना मलाच विचारलं.

"सोलकढी दे तिला. नारळाचं दूध चालतं."

अन्वी तीन वाट्या प्यायली. चौथी इंदूने न विचारताच ओतली. मग म्हणाली, "हिंदमाताक जा. साडयेच्या दुकानांच्या पाठच्या गल्लीत उघडा गटार आसा. त्यात मलेरियावाल्यांनी सोडले हत. गेल्या म्हयन्यात डोळ्यान बघितलंय."

अन्वी म्हणाली, "गटारात? आजी, ते मासे जगतील का?"

"तुमच्या औषधात नाही जगले. गटारात जगलेत. तूच ठरव."

लालबागहून परळमार्गे हिंदमातापर्यंत आम्ही चालत गेलो. बस मिळत होती, पण अन्वीचं म्हणणं पडलं की चालण्याने हवेत काही जात नाही. भर दुपारी पुलाखालून चालताना माझ्यातून बरंच काही गेलं. वाटेत परळच्या काचेच्या इमारती लागल्या. त्यातल्या एकीला हिरवी म्हणून बक्षीस मिळालंय, असं अन्वीने दाखवलं. बाहेरच्या बाजूला सगळीकडे एसीची खोकी होती आणि खिडकी एकही उघडत नव्हती. मी म्हटलं, "आमची चाळ मग किती हिरवी असेल! तिच्या खिडक्या बंदच होत नाहीत."

हिंदमाताला लग्नसराईची गर्दी होती. एका दुकानाच्या पायरीवरच्या माणसाने हात जोडले. "या मावशी, आत या. पैठणी दाखवू, इरकल दाखवू?"

"साडी नको. गटार कुठे आहे?"

त्याने मागच्या गल्लीकडे बोट केलं.

गटार होतं. काळं, वर चहाचे कागदी कप. मी कपांखाली वाकून बघितलं. मासे होते, भरपूर. इंदू थापा मारते, पण माशांच्या बाबतीत मारत नाही.

माझे गुडघे वाकून राहत नाहीत, म्हणून अन्वीला खाली बसवलं. तिने मलमलची पिशवी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि गटारात बुडवली. पहिल्यांदा नुसता गाळ आला. तिसऱ्यांदा दोन मासे आले. त्यानंतर तिला हात बसला. मघाचा तो दुकानदार मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. "ताई, कॉलेजात जाता ना तुम्ही?"

"एम.ए. करते."

"यात?"

"हो," अन्वी म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. तेवीस मासे मिळाले. डब्यात गटाराचंच पाणी घेतलं, कारण त्यांना तेच सवयीचं.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. तीन वाजायला आले होते. डबा माझ्या पायांत होता. भायखळ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की डबा आडवा झाला आणि झाकण कुठल्या कुठे गेलं. काळं पाणी पुढच्या दारापर्यंत गेलं. लोकांनी पाय वर घेतले. एक बाई ओरडली, "अळ्या आहेत, अळ्या!"

"मासे आहेत," मी म्हटलं. "पाय खाली ठेवू नका कोणी."

कंडक्टर वाकून बघायला लागला. "आजी, बसमध्ये मासे पकडायचं तिकीट नाही आपल्याकडे." पण पहिला मासा त्यानेच उचलला. डब्याच्या बुडाचा जोड उसवला होता, त्यात पाणी राहत नव्हतं. मासे अन्वीच्या ओंजळीत तडफडत होते. समोर एक बाई नवी साडी घेऊन बसली होती, प्लॅस्टिकच्या जाड कव्हरात. तिने साडी काढून मांडीवर टाकली आणि कव्हर पुढे केलं.

अन्वी कव्हराकडे बघत राहिली.

"धर की गं बये," मी म्हटलं. "तुझं व्रत संपलं."

तिने धरलं. बाटलीतलं आपलं पिण्याचं पाणी त्यात ओतलं आणि मासे सोडले. चार मासे सीटांखाली गेले, ते हाताला लागले तेव्हा हलत नव्हते. एकोणीस राहिले. गिरगाव येईपर्यंत ती साडीचं कव्हर दोन्ही हातांत धरून बसली होती, तान्हं मूल धरावं तसं.

वाडीत शिरलो तेव्हा पाऊण तास उरला होता. विहिरीचं पाणी बरंच खाली गेलं होतं, वास उतरला होता. सर नखशिखान्त भिजले होते आणि त्यांच्या हातांना फोड आले होते. फिलोमिना खुर्चीवर बसून ओरडत होती, "थांबायचं नाही, सर! अजून वीस बादल्या!" त्यांच्या कोर्समध्ये याला 'फील्ड इमर्शन', म्हणजे प्रत्यक्ष कामात बुडून शिकणं, म्हणतात, पण मला वाटतं यात कोणी भिजण्याची ही पहिलीच वेळ.

विहिरीचं ताजं पाणी बादलीत काढून आधी त्यात एक मासा सोडला. दहा मिनिटं सगळे बादलीभोवती बसून राहिलो. तो उलटा झाला नाही. मग बाकीचे सोडले.

मलेरियाचा माणूस चार वाजून दहा मिनिटांनी आला. मालकाचा माणूस त्याच्या मागे, हातात मोजपट्टी. मलेरियावाल्याने टॉर्च मारली, लांब दांड्याच्या पळीने पाणी काढून बघितलं. अळी नव्हती. मासाही नव्हता. नव्या जागेत सगळे दगडांच्या खाचांत जाऊन बसले होते.

"दिसत नाहीत," तो म्हणाला आणि पेन काढलं.

मालकाच्या माणसाने मोजपट्टी उघडली. अन्वीने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला.

"थांब रे बाबा," फिलोमिना म्हणाली. घरात जाऊन पाव घेऊन आली, चुरला आणि टाकला. पावाचे तुकडे नुसते तरंगत राहिले. मग एक तुकडा हलला. मग दुसरा.

"एक," मलेरियाचा माणूस म्हणाला. "दोन. तीन... बरं, आहेत." त्याने लिहिलं, सही केली आणि चहा न घेता गेला. मालकाच्या माणसाने मोजपट्टी मिटली. त्या आठ गोण्या पावसाळ्यात भिजून दगड झाल्या. आता आम्ही त्यांच्यावर बसतो.

महिन्याभराने कॉलेजात कार्यक्रम होता, मलाही बोलावलं होतं. सरांनी पडद्यावर आमची विहीर दाखवली, मासे दाखवले आणि सांगितलं की बायो-एन्झाइमच्या वापरानंतर विहिरीत मत्स्यजीवन बहरलं आहे. टाळ्या झाल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत.

अन्वीने मला आधीच विचारलं होतं, "आजी, प्रबंधात काय लिहू?"

"झालं ते लिही."

तिने लिहिलं. सरांनी ते पान काढायला सांगितलं, तिने काढलं नाही. पास झाली, पहिला वर्ग हुकला. अजून येते अधूनमधून, विहिरीवर वाकते आणि मोजायचा प्रयत्न करते. आता पिल्लं झालीत, मोजता येत नाहीत. पण पहिल्या आठवड्यात मी रोज पाव टाकून मोजले होते. विहिरीतल्या जुन्या माशांपैकी एकही वाचला नाही. हिंदमाताच्या गटारातले एकोणीसच्या एकोणीस जगले.