नाव झाकून बघा

स्लाइड हातात आली की डॉक्टरबाई आधी तिच्या टोकावरच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवायच्या. "नाव झाकून बघा," असं विद्यार्थ्यांना सांगायच्या. "नाव वाचलंत की डोळा आळशी होतो."

मुलांनो, तुम्ही त्यांना लोणावळ्यात आमच्या शेजारच्या अंगणात पाहिलं आहे, कॉलेजात नाही. मावळातल्या एका मेडिकल कॉलेजात त्या पहिल्या वर्षाला ऊती शिकवायच्या. सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा स्नायूचा, कातडीचा की ग्रंथीचा, हे ओळखायला लावायच्या. मी तिथे ग्रंथपाल होते आणि त्यांच्या गाडीतून जायचे-यायचे.

जेवतानाही त्यांची परीक्षा चालूच. ताटातल्या फोडीकडे बोट दाखवून विचारायच्या, "हे काय?"

"मटण."

"नापास. हा स्नायू, ही चरबी, आणि तुमच्या दातात अडकलीय ती कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी."

एका सकाळी गाडीत म्हणाल्या, "आज माझ्या वर्गात येऊन बसा."

"मी कशाला?"

"सोबत."

त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. त्यांनी बिनचिठ्ठीची एक स्लाइड लावली आणि एकेकाला बोलावलं. "ग्रंथी", "स्तनाची ग्रंथी", अशी उत्तरं येत गेली. बाई नुसती मान हलवत होत्या. वराळ्याची एक मुलगी मात्र डोळा काढेना.

"काय गं, झोपलीस का?"

"न्हाई मॅडम. ग्रंथीच आहे, पण पेशी ओळीत न्हाईत. खाचराचा बांध फुटून पाणी जावं, तशा भिंत फोडून बाहेर गेल्यात."

"नक्की?"

"नक्की."

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि स्लाइड काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

परतताना कार्ल्याला त्यांनी गाडी थांबवली. टपरीवरचा चहा माझ्या हातात देत म्हणाल्या, "ती स्लाइड माझी होती."

कॉलेजची नव्हती, घरून आणली होती, एवढाच अर्थ मी लावला. मग त्यांनी छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. माझ्या चहावर साय धरली, तरी माझ्याच्यानं घोट घेववला नाही.

"गाठीचा तुकडा तपासायला दिला होता," त्या म्हणाल्या. "लॅबवाला माझाच विद्यार्थी. त्यानं नुसतं 'शंकास्पद' लिहिलं. माझं नाव वाचून त्याचा हात अडला असणार. मग मी स्वतः बघितलं, तर मला सगळंच नॉर्मल दिसायला लागलं. इतकी वर्षं शिकवून."

"म्हणून त्या पोरीच्या तोंडून वदवलंत?"

बाईंनी चहा संपवला आणि गाडीची किल्ली काढली. घरापर्यंत गाडी त्यांनीच चालवली.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्लाइड पाहिली. मुलीचं बरोबर निघालं. ऑपरेशन झालं. ती स्लाइड कोणाची होती ही बातमी कॉलेजात पसरली तशी ती मुलगी लोणावळ्याला आली आणि चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"माझ्याच तोंडून का, मॅडम?"

"नाव कळलं असतं तर खोटं बोलली असतीस."

"व्हय, बोलले असते. लय गोड बोलले असते."

बाईंना हसू आलं, पण टाके दुखले म्हणून त्या थांबल्या. मुलीनं चप्पल काढली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

ऑपरेशननं थोडा काळ दिला. तो पुरला नाही. पावसाळा संपता संपता बाई गेल्या.

नंतर त्या मुलीनं मला कॉलेजात बोलावलं. बाईंनी ती स्लाइड तिच्याकडेच ठेवली होती. "मावशी, एकदा बघा," म्हणत तिनं खुर्ची पुढे केली. काहीतरी काळं, कुजलेलं दिसेल अशा तयारीनं मी डोळा लावला. दिसलं ते गुलाबी आणि जांभळं, इतक्या बारीक नक्षीचं की तसं कापड दुकानात दिसतं तर मी हौसेनं घेतलं असतं.

"काय दिसलं, मावशी?"

'सुंदर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी डोळा तसाच लावून ठेवला.