धसका

माझ्या भावाच्या पोटऱ्या बघून गाव त्याला पैलवान म्हणायचं. पोटऱ्या जाड, टणक, आणि पोरगं मात्र जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत उठायचं. दहाव्या वर्षी त्याचं चालणंच थांबलं. आईचा एक भाऊ असाच लहानपणी गेला होता, त्यामुळे पायांबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलत ते त्याच्या छातीबद्दल.

निवांत बसला असला तरी त्याची छाती उडायची, सदऱ्यावरूनही दिसायची. "धसका घेतलाय पोरानं," आई म्हणाली, आणि झालं. घरात भांडं आपटायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. जत्रेचं तर नावच नको, हलगीच्या आवाजानं त्याचं काळीज बंद पडेल म्हणे. आमच्या कर्जतकडच्या गावात चैत्रात कुस्त्यांचा फड भरायचा. सगळं गाव तिकडं, आणि आम्ही दोघं दार लावून घरात. तो विचारायचा, "आक्के, मी भित्रा हाय का गं?" मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि चांगली तोंडाळ, पण हे विचारलं की मी दाराची कडी नीट लागलीय का ते बघायला उठायची.

दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर होते. एक दिवस खाडा करून त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि आम्ही एसटीनं नगरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी घड्याळ बघत बराच वेळ नाडी धरली, छातीला वायरी लावल्या. भाऊ आपला वरचा पंखा बघत पडलेला.

"धसका घेतलाय सायेब त्यानं," वडील म्हणाले.

"हा घाबरलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "काळजाला पळवणारा चाबूक असतो, तसा आवरणारा कासराही असतो. दोन्ही आपल्या हातात नसतात. या आजारात याचा कासरा ढिला पडलाय. भीतीचा काही संबंध नाही."

बरा होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. परतताना भाऊ मात्र खुशीत. "ऐकलंस का आक्के, मी भित्रा न्हाई. आता मला फडावर न्या."

त्या चैत्रात फड भरलाच नाही. प्यायला पाणी नव्हतं, तिथं कुस्त्या कसल्या. "म्होरल्या साली पार पुढं बसवतो तुला," वडील म्हणाले. पुढं पाऊस झाला, बाजरी चांगली आली. रोज तो मला विचारी, कोण कोण पैलवान येतील. पौषात एका सकाळी दूधभाकरी खाता खाता तो गेला.

आईवडिलांवर माझा राग नाही. राग आहे तो माझ्यावर. फड आमच्या घरापासून दोन शेतं टाकून भरायचा. मी त्याला रोज पाठुंगळी घेऊन परसात नेतच होते. दुष्काळाआधीच्या एखाद्या चैत्रात तशीच आणखी थोडी चालले असते, तर घरी मार बसला असता, एवढंच. मार तर मी एरवीही खात होते.