सिंधूकाकूंची अमानत

भाद्रपदात सिंधूकाकूंच्या घरी गेलं की दारातच विचारावं लागे, "काकू, पाय कुठं ठेवू?" हॉलमध्ये महालक्ष्म्या बसलेल्या असत. पुण्या-मुंबईकडं ज्यांना गौरी म्हणतात त्याच ह्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवस माहेराला आलेल्या लेकी. सगळ्यांच्या घरी दोन असतात. काकूंच्या घरी सोळा! तिन्ही भिंतींना लागून पितळी मुखवटे, प्रत्येकीच्या अंगावर वेगळी साडी, गळ्यात वेगळे दागिने, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनं पदर खोचून, हातात ताट घेऊन काकू चाललेल्या. "सरक व माय, धक्का लागते ना!" हे त्या कोणाला म्हणायच्या, देवीला की मला, ते मला कधी कळलं नाही. मी आपली सरकत असे.

त्यातली एकच जोडी काकूंची स्वतःची. बाकीच्या सात जोड्या देश सोडून गेलेल्या लोकांच्या होत्या.

मी आदिलाबादला मराठी शाळेत शिकवते. आमच्या आणि काकूंच्या घरांच्या मध्ये कंबरेइतकी भिंत, तीही वाटी-ताटल्यांची ने-आण करण्यापुरतीच. त्यामुळे हे सगळं सुरू झालं तेव्हा मी तिथंच होते. समोरच्या वकीलसाहेबांचा मुलगा कॅनडात कायमचा राहिला आणि आईवडिलांना न्यायला आला. घर विकलं. देव बॅगेत गेले, पण महालक्ष्म्यांचं एवढं मोठं खटलं तिकडं कोण करणार? मुखवटे पैनगंगेत सोडायचे असं ठरलं. काकू निरोप घ्यायला गेल्या आणि त्यांना पिशवीतून डोकावणारं पितळी नाक दिसलं.

"पाण्यात काऊन सोडता?" काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "नांदवता येत नाही म्हून पोरीले कोणी नदीत ढकलते का? आणा इकडं!" पिशवी उचलली आणि चालू लागल्या. वकीलसाहेब जन्मभर कोर्टात बोलले, पण त्या दिवशी त्यांनी मुकाट फाटक उघडून दिलं. वकीलबाई तेवढ्या दारात उभ्या राहून रडल्या.

ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ? मग ऑस्ट्रेलियाला निघालेले डॉक्टर आले, अमेरिकेत मुलीकडं निघालेल्या एक विधवा बाई आल्या, असं करत करत घर भरलं. काकूंचे यजमान तहसीलमध्ये होते, ते वारले तरी त्यांच्या दफ्तरातली भाषा काकूंच्या तोंडात राहिली होती. म्हणायच्या, "ही अमानत हाय लोकायची. अमानतीत खयानत नाही झाली पाह्यजे." म्हणजे विश्वासानं ठेवलेल्या ठेवीत दगा नको. अट एकच. जाणाऱ्यानं काकूंकडं पोटभर जेवायचं आणि आपल्या घरची रीत तोंडानं सांगायची. ती त्या एकदा ऐकायच्या आणि विसरायच्या नाहीत. एका घरच्या लेकींना ज्वारीची आंबील, दुसऱ्यांना तांदळाची. कुणाला पुरणाचे दिवे हवेच, कुणाला कढीत भजी हवीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "काकू, सगळ्यांना एकच स्वयंपाक करा ना! देवीला काय कळतंय?"

"देवीले नाही कळत, मंग काय तुले कळते?" काकू लाटणं उगारून म्हणाल्या. "लेक माहेरी आली का तिच्या आवडीचं करा लागते. हे काय मेस हाय?"

मला मात्र या जाणाऱ्यांचा राग येई. शाळेत मी पोरांना प्रतिज्ञा म्हणायला लावायचे आणि त्यांचे मोठे भाऊ व्हिसाच्या रांगेत. मी चिडून म्हणे, "सगळे पळाले तर इथं राहील कोण?" काकू शांतपणे म्हणायच्या, "आधी बाजारात तूरडाळीचा भाव इचारून ये, मंग लेकराच्या शाळेची फीस इचारून ये. दोन्ही ऐकून आल्यावर पोट्ट्याइले शिव्या दे. मी बी देईन तुह्यासंगं."

त्यांच्या शिव्यांचा खरा मान पुढाऱ्यांना मिळे. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून अंगणात आला, मागं झेंडेवाले. काकूंनी त्याला पाणी दिलं, पाट दिला आणि विचारलं, "तुहा पोरगा काय करते रे बाबू?" तो फुशारकीनं म्हणाला, "अमेरिकेत असतो, अम्मा." काकू म्हणाल्या, "मंग मत बी तिकडंच जाऊन माग. तुले तुह्या राज्याचा भरोसा नाही, अन् मी काऊन ठेवू?" झेंडेवाल्यांनाही हसू आवरेना. तो मात्र पाणी तसंच ठेवून निघून गेला.

आणि मग त्यांच्याच घरात तो विषय आला.

विनायक त्यांचा एकुलता एक. गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात शिकवायचा. सरकारकडून विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे आले नाहीत की यांचा पगार अडकायचा, चार-चार महिने. बायको मेघा शिकवण्या घेऊन, पोरांना सांभाळून घर ओढायची. त्यात निवडणूक आली. कॉलेजच्या मालकानं सगळ्या मास्तरांना अमुक पक्षाच्या मिरवणुकीत चालायला सांगितलं. विनायक गेला नाही. दुसऱ्या पक्षवाल्यांना वाटलं हा आपला, ते घरी हार घेऊन आले. विनायकनं तोही घेतला नाही. झालं! एकाला वाटलं हा त्यांचा, दुसऱ्याला वाटलं हा शिष्ट. कॉलेजनं त्याचे तास काढून घेतले; रोज जायचं आणि रिकाम्या खोलीत बसायचं. त्या रिकाम्या खोलीत बसून तो जर्मन शिकला.

जर्मनीतल्या एका गावात त्याला नोकरी मिळाली तेव्हा तो आधी आमच्याकडं आला. "ताई, आईला तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "मी नाही रे बाबा सांगणार. लाटणं उगारलेलं असतं त्यांचं!" पण त्याच्याबरोबर गेले. काकू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यानं सांगितलं. काकूंचा हात थांबला नाही. पुढची शेंग सोलत म्हणाल्या, "थंडी लय असन ना तिकडं? लेकरांचे कान झाकत जा."

"तूपण चल, आई. तुझ्याशिवाय मी..." विनायक त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"मी कशी येऊ? सात घरच्या पोरी हायेत माह्यापाशी. त्याइचे मायबाप माह्या भरोशावर गेले."

"बरं, मग आपल्या महालक्ष्म्यापण त्यांच्यातच राहू दे. तू आहेसच."

एवढ्यावर काकूंनी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "लोकायच्या मी ठेवल्या, कारण त्याइचं करणारं कोणी नव्हतं. तू तर धडधाकट हाय ना? पगार नाही भेटला, जा. इज्जत नाही भेटली, जा. म्या अडवलं का तुले? पण आपलं असन ते आपल्यासंगं न्यावं. आपल्या घरच्या लेकी आपल्या पोराच्या घरी जेवल्या पाह्यजे. माह्या डोळ्यादेखत या घरची रीत बुडाली तर मी वर तुह्या बापाले काय सांगू?"

मेघा आतून आली आणि म्हणाली, "मी करीन, आई. जसं जमेल तसं करीन." काकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. निघायच्या दिवशी मुखवटे मऊ लुगड्यात गुंडाळून त्यांनी स्वतः तिच्या हातातल्या पिशवीत ठेवले आणि बजावलं, "सामानात टाकू नोको. मांडीवर घेऊन जाय." बस गेल्यावर काकू म्हणाल्या, "घर लय मोठं वाटून राह्यलं व." सात जोड्यांनी माळा भरलेला, आणि यांना घर मोठं वाटत होतं!

पहिल्या वर्षी मेघानं खरंच केलं. दोन उभ्या सुटकेसांवर साड्या नेसवून मुखवटे बसवले, पुरण घातलं, पुरणपोळीचा नकाशा झाला तो झाला. काकूंनी फोन नाकाशी धरून आपल्या लेकी पाहिल्या. "सुकल्या व माय," म्हणाल्या. "तिकडचं पाणी मानवलं नाही वाटते. मेघा, तूप वाढ त्याइले, हात आखडू नोको." आणि फोन ठेवल्यावर सात घरच्या सात रीतींचा स्वयंपाक वाढायला लागल्या. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या, दोनदा गाणंही म्हणाल्या.

गेल्या श्रावणात त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की मुलाला बोलवून घ्या. विनायक निघतच होता. मी हसऱ्या चेहऱ्यानं आत गेले, पण काकूंना फसवणं कोणाला जमलंय?

"शुभे, आज घरी जाय अन् माळ्यावरच्या साती जोड्या तुह्या घरी नेऊन ठेव."

"काकू, काहीतरीच काय! भाद्रपद यायचाय अजून."

"तोच यायचा हाय ना! मी गेली का माह्या घरात वर्षभर सुतक. सुतकाच्या घरात महालक्ष्म्या बसत नाहीत. माह्या मरणानं लोकायच्या पोरी काऊन उपाशी राहतीन? मी जित्ती हाय तवरच त्याइले घराबाहेर काढ."

मी रागावले, मग रडले. त्यांनी ऐकलं नाही. दुपारी मी आणि माझ्या यजमानांनी सगळे मुखवटे ऑटोत घालून, म्हणजे शेजारच्याच घरात, पण रस्त्यानं वाजतगाजत न्यावं तसं आणले. भिंतीवरून देवी देणं मला बरं वाटेना. संध्याकाळी दवाखान्यात गेले तर पहिला प्रश्न, "पोचल्या का?" पोचल्या म्हटल्यावर त्यांनी एकेका घरची रीत मला सांगायला सुरुवात केली. धाप लागायची, थांबायच्या, पुन्हा सांगायच्या. कढीत भजी कोणाला, हे तर दोनदा. माझ्याकडून सगळं म्हणून घेतलं, मी पोरांकडून पाढे म्हणून घेते तसं. मग डोळे मिटून म्हणाल्या, "झाली बाप्पा सुटका."

विनायक पोचला, आईशी थोडं बोलला. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तेरावा करून, घराला कुलूप लावून तो परत गेला. रजा तेवढीच होती.

भाद्रपदात आमच्या घरी सात जोड्या बसल्या. आमच्या सासरच्या महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंकडं किनवटला असतात, त्यामुळे मला याची सवय नाही. माझी कंबर मोडली आणि आंबील दोनदा करपली. पण रीत कोणाची चुकली नाही. एकेका देशातून फोन आले. वकीलबाई आपल्या लेकींकडं पाहून ओक्साबोक्शी रडल्या. सगळ्यात शेवटी विनायकचा फोन आला.

"तुझ्या कुठं आहेत रे?" मी बोलून गेले.

"पेटीत. आईचं वर्षाचं सुतक आहे ना, ताई. या वर्षी नाही."

"अरे, मग दुसऱ्या कुणाकडं द्यायच्या! इथं असतास तर मीच नसत्या का आणल्या?"

"इथं कोणाकडं देऊ, ताई? वरच्या मजल्यावरची आजी चांगली आहे, ताप आला की सूप आणून देते. पण तिला काय सांगू, या कोण आहेत ते?"

मी फोन फिरवून त्याला सगळ्या जणी दाखवल्या. त्यानं हात जोडले. मेघानं जोडले, पोरांनी जोडले. मग तो म्हणाला, "सगळ्यांच्या लेकी जेवल्या, ताई. आईच्याच तेवढ्या आज उपाशी आहेत."