मोळी टेकवायची फळी

दामूमामा गेल्याचं मला शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. दहाव्याला जव्हारला पोहोचले, तर जो तो सांगतोय, "शांत माणूस हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात." साफ खोटं! माझा मामा शांत नव्हता. भांडकुदळ होता, हट्टी होता आणि अख्ख्या बाजाराच्या नाकावर टिच्चून जगला. महिना झाला तरी ते 'शांत' माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मामा सुतार, पण दुकानं सजवणारा. कपाटं, मांडण्या, गल्ल्याची पेटी, दाराच्या फळ्या. संस्थान होतं तोवर त्याच्या हाताला उसंत नव्हती. विलीनीकरण झालं आणि बाजारात रड सुरू झाली, राजवाड्याची खरेदी संपली, कारभारी गेले, आता जव्हारात काय माशा मारायच्या? एकेक व्यापारी नाशिकची वाट धरू लागला आणि जाताना मांडण्या सोडवून द्यायला मामालाच बोलवायचा. स्वतः ठोकलेले खिळे स्वतःच उपटायचे... मी तेव्हा नुकतीच मास्तरीण होऊन त्याच्या घरी राहत होते. एक दिवस हत्यारांची पिशवी आदळत तो म्हणाला, "बस्स! उभं केलेलं मोडायला मी सुतार झालो नाही. यापुढे एकही दुकान सोडवणार नाही." मामी म्हणाली, "मग खायचं काय, भुसा?" तर म्हणे, "भुसासुद्धा दुकान बांधलं तरच पडतो!"

त्याच सुमारास काशीबाईचं बोलावणं आलं. नवरा वारलेला, कापडाचं दुकान ओस पडलेलं, आणि दीर रोज येऊन सांगायचे, मांडण्या विक आणि आमच्याकडे येऊन राहा. मामा म्हणाला, "मांडण्या राहू देत. ओटा काढतो." आमच्याकडे तेव्हा दुकानदार उंच ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि पाड्यावरचं माणूस खाली रस्त्यात, मान वर करून उभं. लुगडं वरून टाकायचं, त्यानं झेलायचं. हात लावून बघायची सोय नाही. मामाचं म्हणणं एवढंच, "राजवाड्याचं गिऱ्हाईक गेलं ना? मग जामसरच्या पाड्यावरचं येईल, दाभोशाचं येईल. दुकान कुणासाठी ते आधी ठरवा, लाकूड मग निवडा." काशीबाईनं पदर खोचला. "काढ ओटा. बुडाले तर बुडाले, पण दिरांच्या दारात तुकडे मोडायला जाणार नाही."

ओटा फुटला तसा बाजार चवताळला. ही माणसं बरोबरीला आली तर उद्या भाव आपला ऐकतील का, असं दुकानदार तोंडावर सुनावून गेले. मामानं जमीन रस्त्याच्या पातळीला आणली आणि आत एक लांब बाकडं केलं, राजवाड्याच्या कामाच्या सवयीनं घासून, पॉलिश मारून, अगदी तोंड दिसेल असं. बाजाराचा दिवस उजाडला आणि... कुणी आत येईना! बायका डोक्यावर गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या घेऊन दारापर्यंत येत, आत डोकावत आणि पुढे जात. समोरचे दुकानदार फिदीफिदी हसत होते. काशीबाईचा चेहरा मला बघवेना. शेवटी मामानं जामसरच्या एका म्हातारीला अडवलंच. "आजी, आत का येत नाही? बाकडं तुमच्यासाठीच केलंय."

"यो बाकडा साहेबाचा दिसं," म्हातारी म्हणाली. "न् बसाया येळ कोणाला हाय रं? डोईवरचा भारा कुठं ठेवू तां सांग. खाली ठेवला त उचलून कोण देल, तुझा बाप?"

मामा खदखदून हसला. खरंच की! भारा जमिनीवर टाकला की परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. रोज बघत होतो आम्ही, पण सुचलं कुणाला? त्यानं बाकडं बाजूला सारलं. काढलेल्या ओट्यावरची सागवानी फळी, जिच्यावर काशीबाईचा सासरा आणि नंतर नवरा मांडी ठोकून बसायचे, ती उचलली आणि दाराशी छातीच्या उंचीवर ठोकायला घेतली. समोरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ती मालकाची जागा!" मामानं तोंडातले खिळे काढले. "होती," म्हणाला. म्हातारीनं त्या फळीवर भारा टेकवला, मान मोकळी केली, आत जाऊन लुगड्याची घडी स्वतःच्या हातानं उलगडली आणि चांगलं निरखून विकत घेतलं. जाताना भारा एकटीनंच डोक्यावर घेऊन गेली. त्यानंतर काशीबाईला कुणी दुकान विक म्हणालं नाही, आणि हसणाऱ्यांनीच पुढे मामाला आपापले ओटे काढायला बोलावलं.

दहाव्याच्या संध्याकाळी मी त्या दुकानात गेले. काशीबाईचा नातू आता मालक आहे. "बाई, दुकान नवं करतोय," तो कौतुकानं सांगायला लागला. ठाण्याहून माणसं येणार, काचेचं दार, ॲल्युमिनियमच्या चौकटी. हल्ली गावोगाव दुकानं सजवण्याच्याच धंद्याला बरे दिवस आलेत म्हणे. आले असतील. मी विचारलं, "आणि ही फळी?" "ती काढणार. लोक आता जीपनं येतात बाई, मोळी कोण आणतंय?"

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत एक तरणी बाई जीपमधून उतरून आली, कडेवर मूल, डोक्यावर बाजाराचं बोचकं. आमच्याकडे न बघताच तिनं बोचकं फळीवर टेकवलं आणि मुलाला सावरत आत गेली. "दादा, परकराचं कापड दाखवा."

नातू तिच्याकडे बघतच राहिला. मी फळीवर हात ठेवला. मधोमध खोलगट झालीय, इतक्या वर्षांचे भारे टेकून. मामाची इतकी आठवण मला सकाळी दहाव्याच्या विधीलाही आली नव्हती... डोळे पुसले आणि म्हटलं, "काढ की खुशाल. पण मग जाताना हिचं बोचकं उचलून कोण देणार? तुझा बाप?"

त्यानं डोकं खाजवलं. मग खिशातला टेप काढला आणि काचेच्या दाराचं माप फळी सोडून घ्यायला लागला.