सहा रंगांची जेली

टोलबाईंनी एकतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली. पोरांनी ठेवलेलं हे नाव पुढे मुख्याध्यापकही घेऊ लागले. पण त्या एकतीस वर्षांत एकही तास मिनिटभर लांबला नाही की आखूड झाला नाही. निवृत्तीनंतरही त्यांचा दिवस पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तासांनीच चालायचा.

गेल्या महिन्यात मात्र त्या गॅसवर पातेलं ठेवून बाजारात निघून गेल्या. शेजारणीने धूर पाहिला म्हणून निभावलं. त्यांचा मुलगा धावत आला. पातेल्याचा कोळसा बघून म्हणाला, "आई, आता पुन्हा असं काही दिसलं तर मी ऐकायचा नाही. सरळ आमच्याकडे चलायचं. ह्या दोन खोल्यांना कुलूप."

आज नात सहा वर्षांची होणार होती आणि सगळे पाचला इथेच येणार होते. "आजीच्या हातची सहा रंगांची जेली हवी," असा नातीचा हुकूम होता. सकाळी मुलाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "गाडीत मोठी रिकामी बॅग ठेवलीय, असू दे." ती कुणाच्या कपड्यांसाठी, हे टोलबाईंना विचारावं लागलं नाही.

त्यांनी कडेकोट बंदोबस्त केला. थर ओतला की फ्रिजच्या दारावर खडूची एक रेघ. गॅस बंद केला की आधी वाटीत शिवणाच्या डब्यातलं एक बटण, मगच ओट्यावरून हलायचं. शाळेतही टोल दिल्यावर हातोडी खुंटीला अडकवल्याशिवाय त्या पाठ फिरवत नसत.

बारा वाजता जांभळा थर झाला. पस्तीस मिनिटांचा एक तास थांबून निळा, आणखी तसाच एक तास थांबून हिरवा. पावडर गरम पाण्यात विरघळवायची, रंग घालायचा, मनगटाला कोमट लागेपर्यंत थांबायचं आणि चमच्याच्या पाठीवरून हळूच ओतायचं. घाई केली तर खालचा थर वितळतो, उशीर केला तर थर एकमेकांना धरत नाहीत.

चौथा पिवळा. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या हिशेबापेक्षा काटे अर्ध्या तासाने पुढे होते. 'घड्याळ बिघडलं वाटतं,' त्या पुटपुटल्या. दारावरच्या रेघा मोजल्या, तीन. पिवळा रंग घातला, गॅस बंद केला, वाटीत बटण टाकलं. भांडं कोमट झाल्यावर फ्रिज उघडला.

काचेच्या पसरट भांड्यात पिवळा थर आधीच होता. छान जमलेला.

त्यांनी दार बंद केलं, पुन्हा उघडलं. पिवळाच. हा कोणी ओतला? घराला आतून कडी होती. म्हणजे मीच. कधी? डोकं कितीही ताणलं तरी काही सापडेना. हिरवा ओतलेला आठवत होता, त्यानंतर सगळा कोरा फळा.

मग त्या अर्ध्या तासात गॅस? त्या ओट्याकडे धावल्या. वाटीतली बटणं मोजली. पाच. म्हणजे त्या विसरलेल्या वेळीही बंद केला होता. जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी भीती चढली. आपण तिथे नसताना आपले हात काम करत होते.

हातातलं पिवळं पाणी मोरीत ओतलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी भांडं तिरकंही केलं. मग थांबल्या. आज हे पुसलं तर उद्या मलासुद्धा कळायचं नाही की मी विसरले होते. ह्या विचाराची त्यांना बॅगेपेक्षा जास्त धास्ती वाटली. त्यांनी ते पिवळं पिवळ्यावरच ओतलं आणि चौथी रेघ मारली.

पाच वाजून गेले. जेलीचा पहिला तुकडा ताटलीत थरथरत उभा राहिला.

"आजी, पिवळा किती जाड! मध्ये रेघ पण आहे!" नात ओरडली.

"असू दे गं, खा तू," सून घाईने म्हणाली.

मुलगा आईकडे बघत होता. टोलबाईंनी पदराला हात पुसले. "दोनदा ओतला गेला. पहिला कधी ओतला, मला आठवत नाही."

मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला. टोलबाईंना फक्त बटणांचा आवाज ऐकू आला. तो बाहेर आला तेव्हा वाटी त्याच्या हातात होती.

"रेघा सहा आणि बटणं सात. ही कसली?"

"गॅस बंद केल्याची."

"म्हणजे सातही वेळा बंद केलास."

"हो. एकदा मी नव्हते, तरी."

मुलाने वाटी ताटल्यांशेजारी ठेवली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. सकाळी येतो मी," तो म्हणाला आणि जाड पिवळ्याचा तुकडा स्वतःच्या ताटलीत घेतला.

बॅग गाडीतच राहिली. जाताना मात्र त्याने घराची दुसरी किल्ली मागितली. एरवी टोलबाईंनी "कशाला रे, मी मेले नाही अजून!" म्हटलं असतं. आज त्यांनी किल्ली मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवली. नंतर आतून कडी लावायला हात वर गेला, तो त्यांनी तसाच खाली घेतला.