फ्लोराइड सादळतं का?

अणुशक्तीची रहस्यं या देशात फार थोड्यांना ठाऊक असतात आणि ते थोडे लोक ती प्राणपणानं जपतात. त्यांच्यापैकी एक आंबिवलीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रविवारी ते गॅलरीत उशा झटकतात आणि कापूस माझ्या कढीपत्त्यावर पडतो.

काकांनी नोकरीभर युरेनियमच्या फ्लोराइडांवर काम केलं. हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं. काकूंनाही तेव्हाच. तोवर घरात फक्त 'ऑफिस' हा शब्द होता. काकू टपाल खात्यात होत्या. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही ही सवय त्यांनी घरीही पाळली. त्यांच्या माहेरी जावई कारकून आहे असं केव्हाच ठरून गेलं होतं; कारकून असून एवढा गप्प कसा, इतकीच तक्रार होती.

मागच्या हिवाळ्यात जवळच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेनं काकांचं व्याख्यान ठेवलं. विषय पाठ्यपुस्तकातला, म्हणजे उघड बोलायला हरकत नसलेला: ही फ्लोराइडं दमट हवेत कशी बदलतात. मी लिहिते, म्हणून भाषा बघायला मला वर बोलावलं. दार उघडताना काका आत काकूंकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल. हिला कळलं पाहिजे."

पहिल्या पानावर 'जलापघटन' हा शब्द इतक्या वेळा आला होता की कागद ओला वाटावा. काकू समोर बसून वाल सोलत होत्या. जलापघटन म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. ओलावा लागला की पदार्थ बदलतो, काका म्हणाले.

"सादळतो का?"

"हेक्साफ्लोराइड सादळत नाही," काका म्हणाले. आमच्या घराण्यात कोणी पीत नाही, हे सांगताना लोकांचा लागतो तसा त्यांचा आवाज लागला होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हेक्साफ्लोराइड पांढरं असतं आणि कापरासारखं, न वितळता उडून जातं. दमट हवा लागली की पांढरा धूर होतो. त्या धुरात दोन गोष्टी असतात: काच खाणारी आम्लाची वाफ आणि युरेनिल फ्लोराइडची बारीक भुकटी. म्हणून हवा लागू द्यायची नाही, यातच त्यांचं आयुष्य गेलं. हिरवं टेट्राफ्लोराइड त्या मानानं सोशिक. दमट हवेत ते बराच काळ काही मनावर घेत नाही.

काकूंनी शेंग बाजूला ठेवली. "पापड सादळला तर उन्हात ठेवला की परत कुरकुरीत होतो. तुमचं ते वाळवलं तर परत पहिल्यासारखं होतं?"

"नाही. कितीही वाळवलं तरी नाही."

"मग ते सादळणं नाही हो. ते नासलं. दुधासारखं."

काका म्हणाले, की ती मागे उरलेली भुकटी मात्र हवेतलं पाणी ओढून घेते, आणि बेतानं वाळवली तर ते पाणी सोडतेही.

"ती सादळते," काकू म्हणाल्या आणि परत शेंगांकडे वळल्या.

मी जलापघटन खोडलं. काकांनी अडवलं नाही. अभ्यासिकेच्या अध्यक्षांनी अडवलं. त्यांनी मजकूर आधी मागवून घेतला होता. सर, विषय राष्ट्राचा आहे, 'नासणे' ऐवजी जरा भारदस्त शब्द बघा, असा त्यांचा फोन आला. काका म्हणाले, भारदस्त शब्द होता, पण तो घरात चालला नाही.

व्याख्यानाला अभ्यासिका भरली होती. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांच्या रोजच्या जागांवर होती. त्यांना उठवणं कोणाला जमलं नव्हतं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात अणू, राष्ट्र आणि स्वतःचा कार्यकाळ यांचा आढावा घेतला. काका उरलेल्या वेळात बोलले. कापूर म्हणाले, धूर म्हणाले, नासतं म्हणाले, सादळतं म्हणाले. सगळं ते पहिल्या रांगेतल्या एकाच खुर्चीकडे बघून बोलत होते. खुर्चीतून काहीच प्रतिसाद नव्हता. काकू पोस्टाच्या खिडकीमागे बसल्यासारख्या सरळ बसल्या होत्या. काका खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला म्हणाले, नाही पोचलं.

मग अध्यक्ष शाल घेऊन उठले. युरेनियम क्लोराइडसारख्या गहन विषयावर इतकं सोपं विवेचन आपण प्रथमच ऐकलं, असं ते म्हणाले.

"फ्लोराइड," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "क्लोराइड नाही. आणि विषय त्याच्या नासण्याचा होता."

काकांनी मान खाली घातली. हसू लपवायची त्यांना सवय नसावी. ते नीट लपलं नाही.

अध्यक्ष "तेच ते" म्हणाले आणि त्यांनी काकांना शाल घातली. किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती.